तिसऱ्या वर्गाचा डबा

आमच्या पलटणीचे एक जुने सीओ निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झाले आहेत. गेल्या दिवाळीत त्यांचा मुलगा जर्मनीहून आला तो एक भलंमोठं खोकं घेऊन. आत मेर्कलिनचा सेट होता, 'राइनगोल्ड'. ही जर्मनीची दिमाखदार गाडी १९२८ साली सुरू झाली. हॉलंडच्या किनाऱ्यावरून निघून ऱ्हाइन नदीच्या काठानं थेट स्वित्झर्लंडच्या बासेलपर्यंत जायची. खाली जांभळे आणि वर क्रीम रंगाचे डबे, आत खुर्च्या, टेबलावर दिवे. सरांनी ती जेवणाच्या टेबलावर गोल गोल फिरवली, व्हिडिओ काढला आणि मला पाठवला. खाली एकच ओळ: "आपल्या राणीनं काय घोडं मारलंय?"

राणी म्हणजे डेक्कन क्वीन, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

मी तेव्हा फिरोजपूरला होतो, अजूनही तिथंच आहे. इथून रोज रात्री पंजाब मेल मुंबईला निघते. तिचा आणि डेक्कन क्वीनचा वाढदिवस एकाच दिवशी, १ जूनला साजरा होतो. एक १९१२ ची, दुसरी १९३० ची. पंजाब मेल एकेकाळी पेशावरपर्यंत जायची, आता ती इथं फिरोजपूर छावणीतच संपते. पुढचा रूळ हुसैनीवालाला जाऊन थांबतो, कारण पुढे सरहद्द आहे. त्या रुळावर वर्षातून दोनदा, २३ मार्चला आणि बैसाखीला, खास गाडी धावते. भगतसिंग, सुखदेव आणि आपले खेडचे राजगुरू यांच्या समाधीसाठी. रुळांबद्दल विचार करायला याहून बरी जागा मला नोकरीत मिळालेली नाही.

छोट्या गाड्यांचा नाद मला एनडीएत लागला. खडकवासल्याहून रविवारी लिबर्टी मिळाली की बाकीचे कॅडेट डेक्कनवर सिनेमा नाहीतर बिर्याणीच्या मागे. मी एकदा चुकून कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात शिरलो आणि पुढच्या टर्ममधल्या अर्ध्या लिबर्ट्या तिथंच घालवल्या. कोर्समेट अजून त्यावरून चिडवतात. कमिशन मिळाल्यावर नाद सुटेल असं आईला वाटलं होतं. सुटला नाही, फक्त ट्रंकेत गेला. फौजी घरात काळ्या पत्र्याच्या ट्रंका असतातच, वर पांढऱ्या रंगानं नाव आणि नंबर. आमच्या घरात त्यांतली एक गाड्यांची. दर बदलीला बायको तिच्याकडे बघते, काही बोलत नाही आणि पॅकिंगच्या यादीत 'नाजूक' असं लिहिते.

तर सरांनी बेत ठरवला. पुण्यातला हॉल त्यांचा, रूळ आणि डोंगर ते मांडणार. त्यांची नजर आता बारीक कामाला साथ देत नाही, म्हणून डबे मी फिरोजपूरला बनवायचे आणि सुट्टीत घेऊन जायचे. बाजारात डेक्कन क्वीनचा तयार सेट मिळत नाही. प्लास्टिकचं शीट कापून, चिकटवून, घासून, रंगवून सगळं हातानंच करायचं. प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. या प्रमाणात मिळणाऱ्या तयार रुळांची रुंदी १६.५ मिलिमीटर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे तो खरं तर १९.३ यायला हवा. गाडी रुळापेक्षा जरा धिप्पाड दिसणार. हे दोघांनीही दोन मिनिटांत मान्य केलं.

भांडण झालं ते वर्षावरून.

ज्यांनी हा नाद केलेला नाही त्यांना हे विचित्र वाटेल, पण मॉडेल गाडीला तारीख असावी लागते. 'डेक्कन क्वीन बनवा' म्हणणं म्हणजे 'शिवाजीनगरचं चित्र काढा' म्हणण्यासारखं आहे. कुठल्या साली? १९३० साली गाडी सुरू झाली तेव्हा तिचे दोन रेक होते, प्रत्येकी सात डब्यांचे. एक चंदेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे सांगाडे इंग्लंडमध्ये तयार झालेले आणि वरचे डबे जीआयपी रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये बांधलेले. गाडीत वर्ग दोनच, पहिला आणि दुसरा. १ जानेवारी १९४९ ला पहिला वर्ग बंद झाला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हणू लागले. (ही पद्धत आमच्या खात्यालाही अनोळखी नाही. पाटी बदलली की सुधारणा झाली.) जून १९५५ मध्ये या गाडीत तिसरा वर्ग पहिल्यांदा आला. १९६६ साली जुने डबे जाऊन पेरांबूरच्या कारखान्यातले पोलादी डबे लागले आणि सातांचे बारा झाले. तिसऱ्या वर्गाला दुसरा म्हणायला १९७४ साल उजाडलं. पुढे डबे सतरापर्यंत गेले. अलीकडे एलएचबी डबे आले, काचेच्या छताचा व्हिस्टाडोम आला, डायनिंग कारही नवी आली.

सरांना हवी होती १९३० ची चंदेरी. "राइनगोल्डच्या शेजारी तीच शोभेल," म्हणाले. आणि खरंच शोभेल. दोन्ही एकाच काळातल्या, दोन्हींत फक्त पहिला आणि दुसरा वर्ग, दोन्ही मिरवायच्या गाड्या. पुढे जोडायला त्यांनी इंजिनही हेरून ठेवलं होतं. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात मेट्रोपॉलिटन-विकर्सचं जुनं विजेचं इंजिन उभं आहे, डेक्कन क्वीन ओढणाऱ्या जातीचं. पुढे चार छोटी चाकं, मग सहा मोठी, मागे पुन्हा दोन छोटी. त्यावर नाव आहे, सर रॉजर लम्ली. सरांनी नावाची पाटी छापूनही घेतली होती.

मी कळवलं, "सर, लम्लीसाहेब मुंबईचे गव्हर्नर झाले १९३७ साली. १९३० च्या गाडीवर त्यांची पाटी कशी येईल?"

उत्तर आलं: "तू ऑडिटमध्ये का नाही गेलास?"

पाटी निघाली. पण माझं खरं म्हणणं पाटीबद्दल नव्हतंच. मला चंदेरी गाडीच बनवायची नव्हती. मला १९५५ ची हवी होती, तिसऱ्या वर्गासकट. आणि हा लेख मी त्याचसाठी लिहितोय, कारण आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरांच्या बाजूनं अकरा मतं पडली आणि माझ्या बाजूनं दोन. त्यातलं एक माझंच.

माझे आजोबा माटुंगा वर्कशॉपला सुतार होते. रत्नागिरीकडून आलेले, परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणारे. डेक्कन क्वीनचे डबे बांधले गेले तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर होते आणि नुकतेच हाताखाली लागले होते. त्यांनी त्यात नेमकं काय केलं हे घरात कोणालाच नक्की माहीत नाही. ते स्वतः "खिडकीच्या चौकटी" एवढंच म्हणायचे. ते रेल्वेचे नोकर, त्यामुळे प्रवासाचा पास होता, पण तिसऱ्या वर्गाचा. आणि राणीत तिसरा वर्गच नव्हता. पंचवीस वर्षं ते त्या गाडीकडे बाहेरून बघत राहिले. त्यांची तक्रार असल्याचं कोणी सांगत नाही. तक्रार करायची असते हेच त्या पिढीला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून वेळ नव्हता.

१९५५ साली तिसरा वर्ग सुरू झाल्यावर काही महिन्यांनी आजोबा बाबांना घेऊन बोरीबंदरला गेले. बाबा तेव्हा दहा वर्षांचे. खिशात पास असून आजोबांनी खिडकीवर रोख पैसे मोजून दोन तिकिटं काढली. पास का नाही दाखवला, असं बाबांनी विचारलं तर म्हणाले, "आज नको." गाडीत शिरल्यावर त्यांनी बाकावरून तळवा फिरवला, खिडकीची चौकट बोटांनी चाचपली, आणि बाबांना म्हणाले, "पॉलिशचा हात कमी मारलाय." पुण्याला उतरून स्टेशनाबाहेर चहा घेतला आणि रात्रीच्या पॅसेंजरनं, पासावर, परत आले. पुण्यात त्यांचं काही काम नव्हतं.

हे सगळं मी सरांना सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. पण पटलं नव्हतं. त्यांनी फोन केला. "अरे, तुझ्या आजोबांबद्दल मला आदरच आहे. पण खेळण्यातल्या गाडीवर किती ओझं टाकशील? सुंदर वस्तू होती, सुंदरच बनवू या. माणूस राइनगोल्ड बघतो तेव्हा जर्मनीतले कामगार कुठं बसायचे असं विचारतो का?"

मला वाटतं, विचारायला हवं. निदान बनवणाऱ्यानं तरी.

याचं कारण मला फौजेनं शिकवलं. आम्ही कुठल्याही मोहिमेआधी सँड मॉडेल बनवतो. जमिनीवर चौकोन आखून त्यात माती, भुसा आणि रांगोळी टाकून टेकड्या, ओढे, वाटा, शत्रूचे बंकर मांडतो. काड्यापेटीची घरं, लोकरीचे रस्ते. मी नवा लेफ्टनंट असताना एका रात्रीच्या सरावासाठी मॉडेल माझ्याकडे होतं. मन लावून केलं. हिरवा भुसा दोनदा चाळून घेतला. जमिनीत एक कोरडा नाला होता, वेडावाकडा, नकाशावरही पुसट. त्यानं माझ्या मॉडेलची सगळी रेखीव मांडणी बिघडत होती, म्हणून मी तो गाळला. मॉडेल बघून सगळ्यांनी वाहवा केली. रात्री एक प्लाटून त्याच नाल्यात उतरली आणि एका जवानाचा घोटा मोडला. सराव होता म्हणून घोट्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी माझ्या कंपनी कमांडरनी मला त्या मॉडेलपाशी उभं केलं आणि फक्त विचारलं, "नाला कुठे आहे?" त्यानंतरच्या वीसेक वर्षांत मला बऱ्याच गोष्टींसाठी झापलं गेलं. हे एवढंच अजून टोचतं.

म्हणून मॉडेल म्हटलं की माझा हात आधी गाळलेल्या गोष्टींकडे जातो.

१ जून १९३० ही तारीख घ्या. चंदेरी गाडी पुण्याकडे निघाली तेव्हा गांधीजी येरवड्यात होते. मिठाच्या सत्याग्रहासाठी त्यांना ५ मेला पकडून आणलं होतं, महिनाही झाला नव्हता. मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. मॉडेलच्या फलाटावर पोलीस उभे करा असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी त्या गाडीत कोण बसू शकत होतं आणि कोण नाही, हे न मांडता फक्त चंदेरी रंग मांडला, तर ते माझं भुसा चाळलेलं सँड मॉडेल झालं. दिसायला फार छान.

आता सरांची बाजू सांगतो, कारण ती कमकुवत नाही आणि मी ती इथं गाळली तर वरचं सगळं बोलायचा अधिकार मला राहणार नाही. त्यांचं म्हणणं असं: तुझ्या आजोबांच्या हाताचं जे काही होतं ते १९३० च्या गाडीत होतं. ती चंदेरी गाडी गव्हर्नरनं बनवलेली नाही, माटुंग्यानं बनवली. खिडकीच्या चौकटी त्यांच्या. तू ती गाडी नाकारतोस म्हणजे त्यांचं कामच नाकारतोस आणि त्यांना फक्त उतारू म्हणून आठवतोस. कारागीर मोठा की उतारू?

या प्रश्नानं मी चार दिवस अडकलो. खरं सांगायचं तर हरलोच होतो. मग डब्यांच्या हिशेबाकडे पुन्हा बघितलं आणि लक्षात आलं की उत्तर आकड्यांतच पडलेलं होतं. मूळ रेकचे डबे बदलले गेले ते १९६६ साली. म्हणजे १९५५ मध्येही माटुंग्याचे ते डबे होतेच, रोज घाट चढत होते. आजोबांनी बोटांनी चाचपलेली चौकट कदाचित त्यांच्याच हातची असेल. १९३० बनवलं तर मला फक्त कारागीर मिळतो. १९५५ बनवलं तर कारागीर त्याच गाडीत तिकीट काढून बसलेला मिळतो.

हे मी ग्रुपवर लिहिलं. मतं दोनाची पाच झाली. सरांनी अंगठा दाखवला नाही, पण दोन दिवसांनी विचारलं, "मग कामाला कधी लागतोस?"

तर काम चालू आहे. ज्यांना करून बघायचं असेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घाट हा सगळ्यात मोठा प्रश्न. बोरघाटाचा चढ सदतीसला एक, म्हणजे मॉडेलमध्ये दर मीटरला साधारण पावणेतीन सेंटिमीटर. ऐकायला कमी वाटतं. पण घाटाची सगळी चढण सुमारे पंचवीस किलोमीटर लांब आणि साडेपाचशे मीटर उंच आहे. १:८७ नं भागलं तरी जवळजवळ तीनशे मीटर लांबीचा रूळ आणि सहा मीटरच्या वर उंची. म्हणजे गाडी सरांच्या हॉलमधून निघून जिन्यानं गच्चीवर आणि तिथून पाण्याच्या टाकीवर. वहिनींनी याला साफ नकार दिला आहे. त्यामुळे घाटाचा एकच तुकडा घेतलाय: दोन बोगदे, मधला एक पूल, आणि खाली दरी म्हणून टीव्हीच्या टेबलाची कड.

कर्जतला मागे बँकर इंजिन जोडलं जातं, तेही हवंच. पुढचं आणि मागचं इंजिन एकाच वेगानं चाललं नाही तर मधले डबे वळणावर रुळाबाहेर उडतात. आमचे तीनदा उडाले. डिजिटल कंट्रोलनं दोन्ही इंजिनांचा वेग जुळवता येतो, पण त्याला धीर लागतो. सरांकडे तो कमी आहे, हे त्यांच्या हाताखाली काम केलेले सगळे जाणतात.

वीज नसती तर ही गाडीच झाली नसती. १९२९ साली तार पुण्यापर्यंत पोचली, दीड हजार व्होल्ट डीसी, आणि पुढच्याच वर्षी राणी आली. म्हणून वर तारा आणि खांब हवेत. ते मी पितळी तारेतून डाग देऊन बनवतोय. कंटाळवाणं काम आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

माणसांची मात्र गंमत आहे. १:८७ मधली तयार माणसं बहुतेक युरोपातून येतात. ओव्हरकोट घातलेली, फेल्ट हॅटवाली, हातात सूटकेस. एकाची हॅट कानशीनं घासून तिची कड उडवली, पांढरा रंग दिला, की झाली गांधी टोपी. ओव्हरकोट कापून सदरा करता येतो. बायकांचे स्कर्ट घासून त्यावर डिंकात भिजवलेला टिश्यू पेपर गुंडाळला की नऊवारी होते. कासोटा घालायला मात्र भिंग आणि देवाची कृपा लागते. माझी मुलगी यात तरबेज झाली आहे. तिनं एका जर्मन स्टेशनमास्तराचा हमाल केला, इतका बेमालूम की आता तो बोरीबंदरला जन्मल्यासारखाच वाटतो. एक उंच, सडपातळ माणूस आणि त्याच्या शेजारी एक मुलगा, हे दोघे तिनं मला न विचारता बनवून ठेवले. मुलगा खिडकीकडे तोंड करून.

घाटाच्या तुकड्यावरही काही माणसं हवीत असं माझं मत आहे. पण ती १९५५ ची नाहीत, त्याच्या शंभर वर्षं आधीची, त्यामुळे माझाच तारखेचा नियम आड येतो. १८५६ पासून १८६३ पर्यंत हा घाट फोडला गेला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथं आल्यावर लगेच वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिनं काम पुरं करवून घेतलं, हे पुस्तकांत आहे. तिच्या हाताखाली एका वेळी हजारोंनी मजूर होते. त्यातले पटकीनं आणि सुरुंगानं किती गेले, ते कोणाचे कोण होते, त्यांची नावं कुठल्याही पुलावर नाहीत. मॉडेलमध्ये त्यांना कसं दाखवायचं हे मला सुचलेलं नाही. बोगद्याच्या तोंडाशी दगड मात्र मी एकेक करून लावतोय, साच्यातून ओतलेली तयार भिंत वापरत नाहीये. सरांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. असेलही.

एक गोष्ट मात्र मला मनापासून वाटते आणि ती वाचकांतल्या उद्योगी मंडळींसाठी आहे. कधीतरी आपल्याकडे कोणीतरी डेक्कन क्वीनचा तयार सेट काढेलच. काढायलाच हवा, जर्मन पोरांना त्यांची राइनगोल्ड दुकानात मिळते आणि आपल्या पोरांना आपली राणी मिळत नाही, हे बरं नव्हे. पुण्याच्या फलाटावर १ जूनला केक कापणारे पासधारक तर रांग लावून घेतील. पण जो कोणी काढेल तो चंदेरी रेक काढेल, कारण तो खोक्यावर चांगला दिसतो. काढा. फक्त त्याच खोक्यात तिसऱ्या वर्गाचा एक डबा घाला. वेगळा विकायला ठेवू नका, 'अतिरिक्त' म्हणून. सुट्टीत पोरगं खोकं उघडेल, सगळे डबे जोडेल आणि विचारेल की हा साधा डबा कुठे लावायचा. मग घरातलं कोणीतरी म्हातारं माणूस उठून जवळ येईल.

पहिले चार डबे झालेत. पाचवा, म्हणजे तिसऱ्या वर्गाचा, टेबलावर उघडा पडलाय, छत न लावलेला. आत बाकं बसवायची आहेत. परवा रात्री साडेदहाला सरांचा मेसेज आला. माणूस साडेनऊला झोपतो, हे लक्षात घ्या. "बाबांना विचार, बाकाची पाठ सरळ होती की कललेली? आणि उंची खांद्यापर्यंत की कमी?"

सकाळी डोंबिवलीला फोन लावला. बाबा आता ऐंशीला टेकलेत. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही, मला वाटलं लाईन तुटली.

"सरळ असावी," ते म्हणाले. "मला काय ठाऊक? मी टेकलोच नाही. खोपोलीच्या दिव्यांपासून पुण्यापर्यंत खिडकीत उभा होतो. तुझे आजोबा टेकले होते. डोळे मिटून."

सरांना लिहिलं: सरळ. उंची आजोबांच्या खांद्यापर्यंत. त्यांची उंची पाच फूट आठ इंच, भागून घ्या.